थांबवेल तोच चालवेल

दरीच्या मधोमध ट्रॉली थांबली तेव्हा खालच्याला आधी बरंच वाटलं. ठरल्याप्रमाणे ती तिथंच थांबायची होती, आणि ठरल्याप्रमाणे काही होण्याची त्याला फारशी सवय नव्हती.

खालचा म्हणजे रोपवेच्या खालच्या स्टेशनवरचा माणूस. त्याला नाव होतं, पण ते फक्त त्याची आई वापरायची, तेही रागावली असेल तर. डोंगरावरच्या विश्रामगृहाकडे जाणारी ही एकच ट्रॉली. माणसं आत बसवायची, बाहेरून दाराला कडी घालायची आणि वर कळवायचं, हे त्याचं काम. वर यंत्रघरात बसून दोर ओढणारं यंत्र चालवणाऱ्या बाईला सगळे 'वरची' म्हणत. वरची ही खालच्याची बायको. ती नोकरीत पक्की होती आणि हा अजून कच्चाच होता. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे. वरची नुसती अधूनमधून बघायची.

डोंगराची एक सोंड अशी आडवी आली होती की यंत्रघरातून खालचं स्टेशनही दिसत नसे आणि दरीतली ट्रॉलीही दिसत नसे. त्यामुळे सगळा कारभार चालायचा तो बिनतारी पेट्यांवर. एक पेटी खाली भिंतीवर, एक यंत्रघरात, एक ट्रॉलीत. बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, बोलायचं, 'संपलं' म्हणायचं आणि बटण सोडायचं. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी गुमान ऐकायचं. एक माणूस बोलतोय आणि बाकीचे ऐकतायत ही कल्पनाच खालच्याच्या आईला पटत नव्हती. असल्या यंत्रानं घरं मोडतात, असं तिचं मत होतं.

पेट्या कशा वापरायच्या याचे नियम सुरक्षासाहेबांनी केले होते. सुरक्षासाहेब म्हणजे शिंकण्याआधीसुद्धा दोन्हीकडे बघून घेणारा माणूस. त्यांचा मुख्य नियम असा, की ट्रॉली कोणीही थांबवू शकतो, पण ज्यानं थांबवली त्यानंच चालू करायला सांगायचं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून यंत्र तसूभर हलणार नाही. आणि सांगताना पूर्ण वाक्य म्हणायचं: "मी थांबवलं होतं, मीच सांगतो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना सांगतो, चालू करा." वाक्य साहेबांनी स्वतः रचलं होतं. ते एका दमात म्हणणारा माणूसही आजवर त्यांच्याशिवाय दुसरा निघाला नव्हता.

नियमाला कारण घडलं होतं. मागच्या भेटीत साहेब वरच्या फलाटावर उतरायला लागले आणि एक पाय बाहेर, एक पाय ट्रॉलीत असताना "थांबा" म्हणाले. नेमकं त्याच वेळी खालच्यानं खालून सवयीनं पेटीत म्हटलं, "हो गं, चालव." वरचीनं चालवलं. साहेबांना काही झालं नाही, पण थोडा वेळ ते दोन ठिकाणी होते. चौकशीत साहेबांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, चूक कोणाची? खालच्यानं छताकडे बघितलं. छताला काही सांगायचं नव्हतं. मग सगळी बोलणी एकट्या वरचीनं खाल्ली, चारचौघांत.

त्या दिवसापासून घरात अबोला होता. घरी वरची बोलत नव्हती आणि कामावर फक्त नियमातलं बोलत होती. घरी त्याला 'अरे' म्हणणारी बाई पेटीवर 'तुम्ही' म्हणायची. "संदेश मिळाला, संपलं" एवढंच काय ते बायकोचं बोलणं खालच्याच्या कानावर पडत होतं, आणि तेवढ्यासाठी हल्ली तो कामावर वेळेआधी येऊ लागला होता.

आज साहेब पुन्हा आले होते. पेट्या सुरक्षितपणे वापरल्या जातात की नाही ते बघायचं, आणि खालच्याला पक्कं करायचं की घरी पाठवायचं तेही आजच ठरवायचं, असा त्यांचा बेत होता. स्वतः ट्रॉलीत बसून दरीच्या मध्यावर ती थांबवायची, मग वाक्य म्हणून चालू करवायची, अशी चाचणी ठरली. सगळ्या पेट्यांत नवे सेल घाला, असा हुकूम आधीच आला होता. भांडारात नवे सेल मिळाले ते एका पेटीपुरते. खालच्यानं डोकं चालवलं. साहेब आधी बघणार भिंतीवरची पेटी, म्हणून नवे सेल त्यानं तिच्यात घातले. ट्रॉलीतल्या पेटीत घातले घरातल्या घड्याळाचे. ते घड्याळ बरेच दिवस मागे पडत होतं, पण चालत होतं, आणि खालच्याच्या मते चालण्याला महत्त्व असतं.

साहेब ट्रॉलीत बसले आणि ऐन वेळी आई आली. सुनेची समजूत काढायला मी वर जाते, म्हणाली. एकाच घरातल्या दोन माणसांचे निरोप या खोलीतून त्या खोलीत पोचवून तिचे गुडघे दुखायला आले होते. खालच्यानं तिला पुढच्या फेरीनं जा म्हणून परोपरीनं विनवलं, पण साहेबच म्हणाले की येऊ द्या, प्रवासी असला की चाचणी खरी वाटते. आई त्यांच्या शेजारी ऐसपैस बसली. खालच्यानं बाहेरून कडी घातली. कडी घालताना आईनं त्याच्याकडे बघून जे डोळे मिचकावले ते त्याला मुळीच आवडले नाहीत.

आणि आता ट्रॉली दरीत थांबली होती. पेटीतून साहेबांचा आवाज स्वच्छ आला होता, "थांबवा. संपलं." वरचीनं थांबवलं होतं. आता साहेबांनी ते वाक्य म्हणायचं, की झालं.

साहेब काही म्हणेनात.

खालचा पेटीला कान लावून उभा राहिला. पेटीत नुसती खरखर होती. साहेब मुद्दाम परीक्षा बघतायत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मग त्याला घड्याळ आठवलं. घड्याळाचे सेल दोन शब्द बोलले आणि मेले. साहेब खाली आले की पहिल्यांदा पेटी उघडणार, आत गंजकी टोकं बघणार, आणि मग नोकरीलाही 'संपलं' म्हणणार. साहेबांना काही कळायच्या आत ट्रॉली हलायला हवी होती.

त्यानं बटण दाबलं. "वर, खालून बोलतोय. चाचणी झाली वाटतं. चालव."

"खाली, वरून बोलतेय. ट्रॉली तुम्ही थांबवली होती का? संपलं."

"मी कुठं, साहेबांनी."

"मग साहेबच सांगतील. संपलं."

"अगं, त्यांची पेटी बोलत नाहीये."

"वाक्याच्या शेवटी 'संपलं' म्हणा. संपलं."

खालच्यानं संपलं म्हटलं. मग त्यानं समजावून पाहिलं, विनवून पाहिलं, अधिकारानं सांगून पाहिलं. अधिकार त्याच्याकडे नव्हता हे मध्येच लक्षात आल्यावर पुन्हा विनवलं. वरचीचं उत्तर प्रत्येक वेळी एकच होतं. गेल्या वेळी एकाच्या सांगण्यावरून मी दुसऱ्याची ट्रॉली हलवली आणि ती हौस माझी फिटली, एवढं सोडून बाकी सगळं ती नियमाच्या भाषेत सांगत होती, आणि खालच्याला ऐकू मात्र तेवढंच येत होतं.

त्यानं फलाटाच्या टोकाला जाऊन डोळ्यांवर हात धरून बघितलं. दूरवर ट्रॉली वाऱ्यात हळूहळू डुलत होती. खिडकीत दोन डोकी दिसत होती, एकमेकांच्या फार जवळ. एक हात वरखाली होत होता. तो आईचा होता. आईचा हात हलायला लागला म्हणजे मुद्दा चालू आहे आणि समोरच्या माणसाला जायला वाट नाही, हे खालच्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

परत येऊन त्यानं खुर्चीत बसून घसा खाकरला, छाती फुगवली, आणि साहेबांसारखा नाकातून आवाज काढला. "मी थांबवलं होतं, मीच सांगतो, पूर्ण शुद्धीत आणि..." आणि शेवटपर्यंत तो अडखळला नाही. स्वतःचंच त्याला कौतुक वाटलं.

वरची अगदी नम्रपणे म्हणाली, "साहेब, दरीत तुमच्या मागं माझ्या नवऱ्याची खुर्ची करकरतेय. त्याला म्हणावं, उठ. संपलं."

खालचा उठला.

"आणि खाली, आणखी एक. वारा वाढतोय. वाऱ्याचा काटा लाल रेघेच्या जवळ आलाय. रेघेला लागला तर नियमाप्रमाणे मला यंत्राला कुलूप घालावं लागेल. मग वारा पडेपर्यंत जो जिथं आहे तो तिथं. संपलं."

वारा कधी पडतो हे त्या डोंगरावर वाऱ्यालाही आधी माहीत नसे. खालच्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: साहेब आणि आई, चार बाय चारच्या ट्रॉलीत, रात्रभर. साहेबांचं काय होईल या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला.

घाबरलेल्या माणसाला सुचतं ते त्याला सुचलं. पेटी बिनतारी होती. बिनतारी म्हणजे तिला तार नाही, आणि तार नाही म्हणजे ती भिंतीवर असलीच पाहिजे असं काही नाही. ती काढून पायवाटेनं ट्रॉलीखालच्या उंचवट्यावर जायचं, साहेबांनी खिडकीतून ओरडून वाक्य म्हणायचं, आणि ते इथल्या पेटीतून वर पोचवायचं. आवाज साहेबांचाच, वाक्य साहेबांचंच. वरचीला नाही म्हणायला तोंड राहणार नव्हतं. पेचकस घेऊन त्यानं पेटी भिंतीवरून उतरवली.

पेटी लगेच बोलायला लागली. "पेटी जागेवरून हलवली आहे. कृपया पेटी जागेवर ठेवा."

ही साहेबांचीच योजना. पेटी कोणी चोरू नये म्हणून तिच्यात इशारा भरून ठेवलेला, आणि आवाज खणखणीत म्हणून तो वरचीकडूनच बोलून घेतलेला. खालचा पेटी पोटाशी धरून पायवाटेनं धावत सुटला आणि त्याच्या पोटातून बायको बोलत राहिली. थोडं थांबायची, पुन्हा बोलायची. ती बोलत असेपर्यंत दुसऱ्या कोणालाच बोलता येत नव्हतं. खालच्याला धाप लागली होती, काटेरी झुडपात विजार फाटली होती, पण इतक्या दिवसांनी बायकोच्या तोंडून 'कृपया' ऐकून त्याला मध्येच भरून आलं.

इशारा थांबल्याबरोबर वरून प्रश्न आला. "खाली, मध्ये मध्ये ती कोण बाई बोलतेय? संपलं."

"तूच."

"आवाज चांगला आहे. संपलं."

खालचा ट्रॉलीखाली पोचला तेव्हा ती चांगलीच झोके घेत होती. त्यानं मान वर करून हाक मारली. खिडकीतून आईचं डोकं बाहेर आलं. खाली खोल दरी, वर एक दोर, मध्ये वारा, आणि तिथून आईनं पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, "जेवलास का?"

"आई, साहेबांना खिडकीशी येऊ दे."

"साहेब कामात आहेत."

"कसल्या कामात?"

"आमचं बोलणं चाललंय," असं म्हणून आईनं डोकं आत घेतलं.

पुढचा काही वेळ ट्रॉली वाऱ्यानं हलते आहे की आतल्या कारणानं, ते सांगणं अवघड होतं. शेवटी खिडकीत साहेबांचं तोंड दिसलं. ते सकाळी होतं त्याहून बरंच लहान दिसत होतं. खालच्यानं काय करायचं ते ओरडून सांगितलं, एका दगडावर चढून पेटी डोक्यावर धरली, आणि इशारा थांबल्याची संधी साधून बटण दाबलं.

साहेब ओरडायला लागले. "मी थांबवलं होतं. मीच सांगतो. पूर्ण शुद्धीत, आणि कोणाच्याही..."

इथं साहेब थांबले. एरवी एका दमात वाक्य म्हणणारा माणूस मध्येच अडला. त्यांनी मागे वळून बघितलं. मागे आई होती. ती त्यांच्याकडेच बघत होती. साहेबांनी पुन्हा खाली बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"साहेब, वाक्य अर्धं राहिलं," वरचीचा आवाज आला. "आपण कोणाच्या दबावाखाली आहात का? संपलं."

सुरक्षासाहेबांना आयुष्यात बऱ्याच गोष्टी जमल्या नव्हत्या, त्यातली एक म्हणजे खोटं बोलणं.

"आहे," ते म्हणाले. आणि नियमाचा माणूस म्हणून पुढं म्हणाले, "संपलं."

वरचीनं विचारलं, कोणाच्या. साहेबांनी सगळं सांगितलं. या बाईंनी ट्रॉली थांबल्या क्षणापासून माझ्या मुलाला पक्कं कधी करता हा एकच प्रश्न धरून ठेवलाय. मुलगा कुठल्या महिन्यात चालायला लागला इथपासून सुरुवात केली, आता त्याच्या कांजिण्यांपर्यंत आल्या आहेत, आणि हो म्हटल्याशिवाय खिडकीशी यायला वाट देत नव्हत्या. हे सगळं दरीत ओरडून सांगायला लागल्यामुळे आसपासच्या डोंगरांनीही ते एकेकदा म्हणून दाखवलं.

आई साहेबांच्या खांद्यावरून खाली वाकली. "हा काय दबाव झाला? मी विचारतेय नुसतं. दबाव काय असतो ते यांना मी अजून दाखवलंसुद्धा नाही."

"मग मला यंत्र चालू करता येत नाही," वरची म्हणाली. "दबावाखालच्या माणसाचं ऐकून ट्रॉली हलवायची नाही. नियम साहेबांचाच आहे. आणि काटा रेघेला टेकायला आलाय. संपलं."

खालच्याच्या हाताला रग लागली होती. वर आई, तिच्यावर दोर, दोराच्या टोकाला बायको. त्यानं आईला सांगून पाहिलं की साहेबांना सोड. आईनं सांगितलं, तू लहान आहेस, यात पडू नकोस. पेटीनं सांगितलं, कृपया पेटी जागेवर ठेवा. वाऱ्याचा एक झोत आला आणि ट्रॉली अशी कलली की साहेबांनी आईचा दंड धरला. बोलणं न तोडता आईनं त्यांना धरू दिलं.

तेव्हा मात्र खालच्याचा धीर सुटला. नोकरी गेली तर गेली, पण आई दरीत राहायला नको. त्यानं बटण दाबून धरलं.

"वर, खालून बोलतोय. साहेबांचा काही दोष नाही. त्यांची पेटी मेलीय ती माझ्यामुळं. मी तिच्यात घड्याळाचे जुने सेल घातले होते. आणि मागच्या वेळी चालव मीच म्हणालो होतो. बोलणी तू खाल्लीस आणि मी छताकडे बघत उभा राहिलो. चूक माझी होती, तेव्हाही आणि आत्ताही. तू आईला खाली घे. संपलं."

बटण सोडून त्यानं पेटी कानाशी धरली.

"मधलं पुन्हा सांगा," वरची म्हणाली. "नीट ऐकू आलं नाही. संपलं."

खालच्यानं मधलं पुन्हा सांगितलं, सगळ्या दरीला ऐकू जाईल असं.

"संदेश मिळाला," वरची म्हणाली. आणि या वेळी ती 'संपलं' म्हणायला विसरली.

वर खिडकीत आईचा चेहरा वैतागलेला होता. "सेल सेल काय लावलंयस? पेटीला काही झालेलं नाही. मी बंद केलीय ती. दोन माणसं बोलत असताना तिसऱ्याची खरखर कशाला?" असं म्हणून तिनं आत हात घालून कान पिळावा तशी पेटीची चालू-बंदची खुंटी पिळली. ट्रॉलीतली पेटी जिवंत झाली. खालच्याच्या हातातली पेटी तिच्या इतक्या जवळ होती की दोन्ही मिळून अशा किंचाळल्या, की झाडावरचे कावळे उडाले आणि साहेबांनी दुसऱ्या हातानं आईचा दुसरा दंड धरला. घड्याळाचे सेल ठणठणीत होते. खालच्यानं दिलेला कबुलीजबाब कोणीही मागितलेला नव्हता.

तो दगडावरून उतरून खाली बसला. त्याच्या मांडीवरच्या पेटीतून बायको त्याच्या आईशी बोलत होती.

"आई, तुम्ही विचारलंत, साहेबांनी ऐकलं. आता जरा दरी बघा. एरवी लोक मुद्दाम येतात ती बघायला. संपलं."

"तू याच्याशी बोलणार आहेस का घरी?"

"बघू."

"बघू म्हणजे हो," आई साहेबांना समजावून म्हणाली, आणि बाकावर जाऊन दरी बघत बसली.

साहेबांनी वाक्य एका दमात म्हटलं. वरचीनं पुन्हा विचारलं, दबाव? साहेब म्हणाले, सध्या नाही. काटा रेघेला टेकायच्या आत यंत्र घरघरलं, आणि ट्रॉली उलटी, खालच्या स्टेशनाकडे, डुलत डुलत निघाली.

खालचा धापा टाकत स्टेशनवर पोचला, पेटी भिंतीवर लावली, कडी काढली. साहेब उतरले. फलाटावर दोन्ही पाय एकाच वेळी टेकतील अशा बेतानं उतरले. कपडे झाडले आणि खालच्याला बाजूला घेतलं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. खालच्याला पक्कं करायचं त्यांनी सकाळी निघतानाच ठरवलं होतं. आता करता येत नव्हतं, कारण आता केलं तर ते दबावाखाली केल्यासारखं होईल, आणि आपण दबावाखाली होतो हे त्यांनी स्वतः दरीत जाहीर केलं होतं. जुन्या सेलबद्दल त्याला घरी पाठवावं, तर तेही करता येत नव्हतं, कारण आई लटकलेली असताना दिलेला कबुलीजबाब हाही दबावाखालचाच.

"मग साहेब, मी आता आहे तरी काय?" खालच्यानं विचारलं.

"ते मी वर जाऊन ठरवीन," साहेब म्हणाले. "शांतपणे. एकटा असताना."

वारा पडला, ट्रॉली नियमाप्रमाणे आधी रिकामी वर गेली, पण ती परत यायची वाट बघायला साहेब तयार नव्हते. ते पायवाटेनं निघाले. मी सोबत येते म्हणून आई चप्पल घालायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच खालच्यानं आईचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

मग नुसतं थांबणं होतं. साहेबांची पांढरी टोपी झाडीत दिसायची, नाहीशी व्हायची, आणखी वर दिसायची. दुपार कलली. पेटीतून वरची कळवत होती, साहेब पोचले, साहेब पाणी प्यायले, साहेब यंत्र बघतायत. यंत्रात काही दोष निघाला नाही. त्यानंतर पेटी गप्प झाली. आईनं सांगितलं, विचार तिला, काय म्हणतोय तो. खालच्यानं सांगितलं की घरगुती चौकशीला पेटी वापरता येत नाही. आई म्हणाली, तुझ्या पोटातून आज दिवसभर बायको बोलली तेव्हा ती सरकारी होती का? खालचा फलाट झाडत बसला. झाडलेलाच पुन्हा झाडला.

दिवस मावळायला आला. पायवाटेचं फाटक मावळतीला बंद होई, हाही साहेबांचाच नियम. म्हणजे त्यांना आता ट्रॉलीनंच उतरायला हवं होतं. पण ट्रॉली काही निघेना. आकाश लाल झालं, मग राखाडी झालं. खालच्यानं मनातल्या मनात घरी बसायची तयारी केली. सकाळी लवकर उठायचं नाही, एवढा एकच फायदा त्याला सापडला.

अचानक पेटी बोलली. आवाज साहेबांचा होता, जरा घाईतला. "खाली, मी बोलतोय. तुम्हाला पक्कं केलं आहे. उद्यापासून नव्हे, आजपासून. संपलं."

आईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "बघ," ती म्हणाली, "माझं बोलणं वाया जात नाही. जरा उशिरा लागू पडतं, एवढंच."

लगेच दोर हलला. ट्रॉली झरझर खाली आली. साहेब उतरले, खालच्याशी हात मिळवला, आईला लांबून वळसा घातला आणि मागे न बघता निघून गेले. त्यानंतरच्या फेरीला, रात्रपाळीच्या माणसाच्या हाती यंत्र देऊन, वरची खाली आली. आई दोघांना एकटं सोडायचं म्हणून मुद्दाम पुढं चालू लागली, पण ऐकू येईल इतपतच पुढं.

खालचाच आधी बोलला. "साहेब म्हणाले होते, शांतपणे एकटा असताना ठरवीन. तू काही बोलली नाहीस ना त्यांना?"

"अरे, मी कशाला बोलू," वरची म्हणाली. पुढं चालणारी आई थबकली. "मी त्यांना ट्रॉलीत बसवलं, कडी घातली आणि विचारलं, निघायच्या आधी काही सांगायचं राहिलंय का. ते म्हणाले, नाही."

"मग?"

"मग मी म्हटलं, आठवा सावकाश. मला काही घाई नाही."